पुराची खोली

२ नोव्हेंबर

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, ह्यांची प्रगती रोज लिहून ठेवत जा. रोज लिहायला रोज प्रगती व्हायला हवी ना. म्हणून मी ठरवलंय, प्रगती झाली तर ती लिहायची, नाही झाली तर आपलं डोकं रिकामं करायचं. तसंही आता घरात माझं ऐकून घेणारं माणूस आहे, पण उलट बोलणारं नाही. पूर्वी मला नेमकं हेच हवं होतं. मागितलेलं असं मिळू नये कुणाला.

ह्यांना झटका आला त्याला वर्ष होत आलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शब्द उरले ते चारच: ‘नको’, ‘चहा’, ‘ताई’ आणि एक शिवी, जी इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. माझं नाव त्या चारांत नाही. बाई म्हणतात, मनाला लावून घेऊ नका, कुठले शब्द राहतील हे कुणाच्या हातात नसतं. मी कुठे लावून घेतलंय. ताई म्हणजे माझीच सख्खी मोठी बहीण, आपल्याच माहेरचा शब्द टिकला म्हणायचं.

डावा हात मात्र शाबूत आहे. बाईंनी युक्ती शिकवली आहे. आपण प्रश्न विचारायचा, हो असेल तर त्यांनी आपला हात दाबायचा, नाही तर सैल सोडायचा. काल विचारलं, ‘माझा स्वयंपाक आवडतो का?’ हात सैल. बुद्धी शाबूत आहे, हे त्यावरून कळलं.

९ नोव्हेंबर

प्रगती काही नाही. कारखान्यात काम भरपूर. खाली आमचा गाद्या-सोफ्यांचा कारखाना, वर घर. जिना लाकडी आणि उभा, ह्यांना वर नेणं शक्य नाही, म्हणून पलंग कारखान्यातच टाकलाय, खिडकीपाशी. तिथून नदी दिसते आणि कारागिरावर लक्षही राहतं. ह्यांची बोटं मात्र कधी स्वस्थ नसतात. चादर असो, माझा पदर असो, कापड चिमटीत धरून त्याचा पोत बघत राहतात.

नदी दिसते म्हणजे नुसती दिसत नाही. दर दोन-तीन वर्षांनी ती कारखान्यात येते. आमची गल्ली सखल, पलीकडचा काठ उंच. पलीकडे ताई एकटी राहते, तिची रोपांची बाग आहे. तिच्या अंगणात आजवर नदीने पाय ठेवलेला नाही. म्हणून धरणातून पाणी सोडणार अशी बातमी आली की आमचं ठरलेलं: माल वरच्या मजल्यावर चढवायचा आणि माणसं पुलावरून ताईकडे पाठवायची. तळमजल्यावरची बागेकडची खोली ती आमच्यासाठी रिकामी ठेवते. तिचं नावच पुराची खोली. माझा मुलगा लहानपणी विचारायचा, ‘आई, पूर कधी येणार?’ त्याला ती सुट्टी वाटायची. खरं सांगायचं तर मलाही.

पण ओला कापूस पिळणाऱ्याला विचारा. ज्याचं बुडतं त्यालाच कळतं.

१७ नोव्हेंबर

समितीचं पत्रक छापून आलं. भिंत समिती. अध्यक्ष समोरचे चष्म्याचे दुकानदार, कारण ते शांत दिसतात. चिटणीस मी, कारण मी शांत बसत नाही. मागणी एकच, आमच्या काठाने पक्की पूरभिंत.

गल्लीच्या खालच्या अंगाला नदीकाठचं मोठं कुरण आहे. एका बिल्डरला तिथे भराव घालून वसाहत उभी करायची आहे. चिखलातही पांढरे बूट घालून फिरतो म्हणून आम्ही त्याला पांढरेबूट म्हणतो. भिंत झाली तरच त्याला परवानगी मिळणार, म्हणून सभेच्या खुर्च्या, माईक, चहा सगळं त्याच्याकडून. चष्मेवाले म्हणाले, ‘वहिनी, ह्यात त्याचा स्वार्थ आहे.’ मी म्हटलं, ‘मग आपला काय परमार्थ आहे?’

दुपारी पत्रक ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि शेजारी पडलेली नवी उशी मांडीवर ओढली. तळहाताने तिची एक कड दाबून धरली. दुसरी कड फुगली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा दाबली, पुन्हा बघितलं. मी उशी हातात घेऊन पाहिली तर खरंच भरण सैल होतं. कारागिराला बोलावून चांगलं झापलं, शिवण उसवून पुन्हा भरायला लावली. इतकं आजारपण आलं तरी नजर गेलेली नाही. उशी नीट झाल्यावर दाखवली, तर ‘नको, नको’ करत ती शिवी हासडली. कारागीर हसला. मीही हसले.

४ डिसेंबर

आज सुनावणी झाली. सभागृह भरलं होतं, लोक भिंतींना टेकून उभे होते. ताई शेवटच्या रांगेत दिसली. मला वाटलं, माझं भाषण ऐकायला आली.

सरकारी खात्याकडून एक तरुण इंजिनिअर बाई आली होती. नकाशा घेऊन म्हणाली, कुरण हे नदीचंच अंग आहे, पाणी वाढलं की ती तिथे पसरते. तिथे भराव पडला आणि वर भिंत आली की पसरायला जागा राहणार नाही, पातळी चढेल. किती आणि कुठे, हे मोजायला आम्हाला आणखी दोन पावसाळे द्या. बोलणं इतकं हळू की मागून कुणीतरी ‘आवाज’ म्हणून ओरडलं.

मी उठले आणि विचारलं, ‘बाई, पाण्याने जड झालेली गादी तुम्ही कधी जिन्यावरून ओढून वर नेली आहे का?’ ती नाही म्हणाली. ‘मग दोन पावसाळे कुणाचे, तुमचे की आमचे?’ टाळ्या थांबेनात. पांढरेबूटही उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मग ताई उठली. माईक घेतला नाही. म्हणाली, ‘मला एवढंच विचारायचंय, भिंतीला आपटून पाणी फिरलं तर येईल कुणाकडे?’

माझी सख्खी बहीण, भर सभेत. मी व्यासपीठावरूनच म्हटलं, ‘ताई, तुझ्या अंगणात आजवर कधी पाणी आलंय का?’

‘नाही,’ ती म्हणाली आणि खाली बसली. लोक हसले. चहा न घेताच निघून गेली.

१९ डिसेंबर

ताईचा फोन नाही. मीही केला नाही. मोठी आहे म्हणून नेहमी मीच पड खायची का? चारचौघांत आपल्या माणसाने आपली बाजू धरावी, एवढंच माझं म्हणणं. ह्यांनी आज दिवसभरात कितीतरी वेळा ‘ताई’ म्हटलं. मी म्हटलं, पुरे.

२८ डिसेंबर

फोन आला. ना हाय ना हॅलो, सरळ ‘धाकटे, पाहुण्यांच्या खुर्चीची रुंदी मोजून सांग.’ इतकी वर्षं झाली तरी ह्यांना ती पाहुणेच म्हणते.

मी म्हटलं, ‘कशाला?’

‘पुराच्या खोलीच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. चाकाची खुर्ची कशी चढेल? उतरण बांधून घेते.’

‘अगं, आता भिंत होणार. पूर कुठला यायला?’

‘होईल तेव्हा होईल. तू मोज.’

मी मोजायला उठले आणि मला रडू आलं. तिच्याशी रागावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तिला कळतच नाही की आपण भांडलोय.

१६ जानेवारी

भिंत मंजूर. पेढीवर, बेकरीत, जिथे जावं तिथे लोक हात मिळवतायत. इंजिनिअर बाईची बदली झाली म्हणे. चष्मेवाले म्हणाले, बिचारी. मी म्हटलं, बिचारी कसली, कोरड्या गावात गेली असेल.

२२ मार्च

प्रगती! ह्यांनी डाव्या हाताने लांब सुईत दोरा ओवून खुर्चीच्या पाठीला बटण टाचलं. वाकडं बसलं, पण टाचलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. कारागीर ते बटण काढून नीट लावायला निघाला, त्याला म्हटलं, हात लावशील तर खबरदार. ती खुर्ची विकायची नाही.

बाहेर यंत्रांची धडधड चालू असते. खिडकीतून आता नदी दिसत नाही, भिंत दिसते. कुरणात ट्रकच्या ट्रक मुरूम पडतोय. ह्यांचा पलंग फिरवू का विचारलं, हात सैल. दिवसभर त्या काँक्रीटकडे बघत असतात. बघण्यासारखं आहेच, एवढ्या वर्षांची मागणी.

२० जुलै

भिंतीचं उद्घाटन झालं. वरून चालायला छान रस्ता केलाय, कठडा आहे, बाकं आहेत. मंत्री आले, फीत कापली, माझं नाव घेतलं. नाव चुकीचं घेतलं, पण घेतलं.

संध्याकाळी दोघा पोरांना धरून ह्यांची खुर्ची वर नेली. वरून पलीकडचा काठ हाताच्या अंतरावर वाटतो. ताईच्या बागेतली हिरवी जाळी दिसत होती, ती कमरेत वाकून काहीतरी लावत होती. मी हाक मारली, तिने मातीचा हात हलवला. हे ‘ताई, ताई’ करत हुंदके देऊन रडायला लागले. आसपासचे लोक थबकले. मला वाटतं, आपल्या बायकोने एवढं करून दाखवलं ह्याचं भरून आलं असेल. आयुष्यात कधी तोंडाने कौतुक केलं नाही, आता तोंडच नाही तर डोळ्यांनी केलं. मी त्यांना पाणी पाजलं आणि घरी आणलं.

१३ सप्टेंबर, सकाळ

धरणातून पाणी सोडतायत. रेडिओवर सांगितलं, भिंतीच्या आतल्या लोकांनी घाबरू नये. कोण घाबरतंय? पण भिंत नवी आहे, तिची परीक्षा आमच्याच माणसावर कशाला? माल वर चढवायचा आणि माणसं पलीकडे पाठवायची, ही आमची पद्धत. ह्यांना जिना चढवता येत नाही, आत पाणी शिरलं तर मी एकटी काय करणार? चष्मेवाले हसले, ‘चिटणीसबाईंचाच भिंतीवर विश्वास नाही?’ मी म्हटलं, ‘भिंतीवर आहे. पण बहिणीवर जास्त आहे.’

ताई भाड्याची व्हॅन घेऊन स्वतःच आली. ‘चला पाहुणे, तुमची खोली झाडून ठेवली आहे.’

आणि ह्यांनी जो तमाशा केला! दाराची चौकट डाव्या हाताने घट्ट धरली. ‘नको. ताई, नको. ताई, नको.’ मी हात हातात घेऊन विचारलं, ‘जायचं ना?’ सैल. ‘एका दिवसाचा प्रश्न आहे, जायचं ना?’ सैल. ताई म्हणाली, ‘नसेल मनात तर राहू दे गं.’ पण मला कारण कळलं होतं. मेहुणीने आपलं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, ह्याची त्यांना लाज वाटते. मानी माणूस. मी त्यांच्या कानात म्हटलं, ‘संध्याकाळपर्यंत मी येतेच, तुमचं सगळं मीच करीन.’ आणि बोटं एकेक करून सोडवली. भलतीच ताकद आहे त्या हातात.

ताईला म्हटलं, ‘हट्टी आहेत, लक्ष देऊ नकोस.’ ती म्हणाली, ‘मला काय सांगतेस, हट्टी माणसांतच वाढले मी.’

१३ सप्टेंबर, संध्याकाळ

भिंत टिकली.

दुपारभर कारागीर आणि मी माल वर नेत होतो, बाहेर पाऊस कोसळत होता. चारच्या सुमारास ताईचा फोन आला. ‘धाकटे, अंगणात पाणी दिसतंय गं. कुंड्या हलायला लागल्या.’

मी धापा टाकत होते. म्हटलं, ‘पावसाचं साचलं असेल. तुझ्याकडे कधी पाणी आलंय का?’

‘नाही खरं,’ ती म्हणाली. ‘गढूळ आहे पण.’

‘गटार तुंबलं असेल. ह्यांनी चहा घेतला का?’

‘घेतला. अर्धा अंगावर सांडला.’

मग आरडाओरडा ऐकू आला म्हणून भिंतीवर गेले. सगळी गल्ली तिथे. पाणी कठड्याच्या खाली हातभर येऊन थांबलं होतं, एवढी नदी मी जन्मात पाहिली नाही. आणि मागे आमची गल्ली कोरडी. लोक टाळ्या वाजवायला लागले. बेकरीवाल्याने मला मिठी मारली, एरवी तो उधारीसाठी तोंड फिरवतो. मीही टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत. धुक्यापावसात पलीकडचं काही दिसत नव्हतं.

खाली येऊन फोन बघितला तर ताईचे कितीतरी फोन येऊन गेलेले. टाळ्यांत ऐकूच आले नाहीत. आता लावते तर तिचा फोन बंद. बॅटरी संपली असेल, चार्ज करायला ती नेहमी विसरते. पुलावर गेले होते, पोलिसांनी अडवलं, सकाळी या म्हणाले. मी म्हटलं, माझे मिस्टर पलीकडे आहेत. ते म्हणाले, पलीकडे बोटी गेल्यात. बोटी कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. घरी येईपर्यंत सुचलं नाही. आता सुचतंय.

१६ सप्टेंबर

ताई गेली.

२३ सप्टेंबर

मुलगा आलाय. तो म्हणतो, आई, काहीतरी बोल. बोलवत नाही, म्हणून लिहिते.

बोटीवरच्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनी सांगितलं ते असं. पुराच्या खोलीत पाणी झपाट्याने भरलं. ताईने शेजाऱ्यांना हाका मारल्या, पण जो तो आपापल्या घरच्यांना वर नेत होता, त्या काठावर कुणालाच पुराची सवय नाही. काय आधी उचलायचं, कुठे पळायचं, कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोर हे जाणतं. ताईला हे उचलेनात. खोलीत आमच्याच कारखान्यातली फोमची गादी होती, ती तरंगायला लागली. तिने ह्यांना त्यावर आडवं घातलं, साडी फाडून गादी खोलीतल्याच जिन्याच्या कठड्याला बांधली आणि स्वतः जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून ह्यांचं डोकं वर धरून ठेवलं. पाणी तिच्या छातीपर्यंत होतं. वर जायला जिना तिच्या पाठीशीच होता.

सकाळी बोट पोचली तेव्हा ती तशीच कठड्याला टेकलेली होती. बोटवाल्याने आधी तिलाच हाक मारली, ‘आजी, द्या त्यांना इकडे.’ तिने ऐकलं नाही तेव्हा त्याला कळलं. डॉक्टर म्हणाले, गारठ्याने हृदय थांबलं. हात सोडवायला दोघं लागले म्हणे.

हे वाचले. ह्यांच्या अंगावर ओरखडाही नाही.

मी तिला आणायला गेले तेव्हा तिच्या शेजारीण बाई गाळ उपसत होत्या. मला ओळखलं. फावडं टेकवून म्हणाल्या, ‘तुमच्याकडे थेंबही नाही म्हणे.’ त्यांनी टोमणा मारला नाही, नुसतं विचारलं. मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं असं वाटलं.

५ ऑक्टोबर

चष्मेवाले आले होते. समितीने माझ्या आभाराचा ठराव केलाय. कागद खिशात होता, काढला नाही. बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, ‘वहिनी, भिंत चूक नव्हती. आपल्या गल्लीत म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत.’

मी म्हटलं, ‘ताई पण म्हातारीच होती.’

कुरणातल्या वसाहतीची जाहिरात लागली आहे, भिंतीच्या तोंडालाच. कोरडीठाक घरं, नदीचा देखावा. सकाळी दूध आणायला जाते तेव्हा समोर येते. लोक मला वाट देतात, बाक रिकामं करून देतात. ह्या काठाला मी जशी हवी होते तशी झाले. आता मला इथे कुणी हटकत नाही, हेच सहन होत नाही.

कारखान्यातला कापूस पांढराशुभ्र आहे. कारागीर म्हणाला, पहिल्यांदा असं झालं की पुरानंतर माल फेकावा लागला नाही. मग त्याने जीभ चावली.

१८ ऑक्टोबर

ती इंजिनिअर बाई आली होती. पाणी कुठपर्यंत चढलं ते पाहायला तिला परत पाठवलंय. ताईच्या घराची किल्ली माझ्याकडे, म्हणून मीच बरोबर गेले. वाटलं होतं, आता ही बोलणार. बोलायचा तिला हक्क आहे. मी मनात तयारीही केली होती, एक अक्षर उलट बोलायचं नाही.

तिने घराच्या भिंतीवर टेप लावली, लिहून घेतलं, खोलीच्या दाराशी आली. ती नवी उतरण बघून म्हणाली, ‘हे कुणासाठी?’

‘माझ्या मिस्टरांसाठी. चाकाची खुर्ची.’

ती तिथेच उतरणीवर बसली. म्हणाली, ‘मी त्या दिवशी मोठ्याने बोलायला हवं होतं.’

‘मोठ्याने बोलला असतात तरी तेवढंच ऐकू आलं असतं,’ मी म्हटलं, ‘मी ऐकायलाच आले नव्हते.’

बाग गाळाखाली आहे. कलमांच्या वर फक्त नावांच्या पट्ट्या दिसतात. मी थोडा वेळ हातांनी गाळ बाजूला केला. काही उपयोग नव्हता.

३० ऑक्टोबर

समोरच्या काठाचे लोक आले होते, चौघं-पाच जण. त्यांनाही आता भिंत हवी आहे. अर्ज कसा करायचा, सुनावणीत काय बोलायचं, ते मला माहीत आहे म्हणून आले. शेजारीण बाईही होत्या. मी विचारलं, ‘मग पुढच्या खेपेला पाणी कुठे जाईल?’ एक जण म्हणाला, ‘खाली जाईल. खाली शेतं आहेत.’

‘शेतांत माणसं राहतात,’ मी म्हटलं.

‘बाई, तुम्हाला हे आता सुचतंय,’ शेजारीण बाई म्हणाल्या. खरंच होतं ते. त्यांना चहा दिला. अर्ज लिहून दिला नाही. कुरणाचा भराव काढा, असा अर्ज असेल तर मी लिहीन म्हटलं. ते एकमेकांकडे बघत उठून गेले. पांढरेबूटच्या वसाहतीला अर्ज करून हलवणं, ह्यावर पूर्वी मीही हसले असते.

९ नोव्हेंबर

व्यायामाच्या बाई म्हणतात, शब्द वाढायला हवे होते, कमी झालेत. ‘चहा’ आहे. ‘नको’ आहे. शिवीही गेली. ‘ताई’ हा शब्द ह्यांच्या तोंडून त्या दिवसापासून आलेला नाही. मीही त्यांच्यापुढे तो काढत नव्हते. दोघं एका घरात, एकच माणूस मनात, आणि दिवसभर चहा घेणार का, चहा घेणार का.

आज दुपारी कारागीर जेवायला गेला तेव्हा मी पलंगावर बसले आणि ह्यांचा हात हातात घेतला. त्या खोलीत काय झालं हे जगात फक्त ह्यांना माहीत आहे आणि ह्यांना बोलता येत नाही. मला ते कळल्याशिवाय जगता येणार नाही. म्हणून एकेक विचारत गेले.

‘ताई घाबरली होती का?’

हात सैल.

‘तुमच्याशी बोलत होती?’

दाबला.

‘तुम्ही तिला वर जा म्हणून खुणावलंत?’

दाबला. सोडला आणि पुन्हा दाबला. पुन्हा पुन्हा.

‘ती गेली नाही.’

ह्यांनी डोळे मिटले.

‘माझ्यावर चिडली होती का? माझं नाव घेतलं का तिने?’ मी एकदम दोन प्रश्न विचारले, असं विचारायचं नसतं. हात काही करेना. मग फक्त दुसरा विचारला. दाबला. पण काय म्हणाली, हे हातातून कसं कळणार? चिडून घेतलं की मायेने, हे मला आता कधीच कळणार नाही. मी तिथेच मोठ्याने रडले. ह्यांची बोटं माझ्या पदराचं कापड चाचपत होती, सारखी, नेहमीसारखी.

रडून झाल्यावर जो प्रश्न दोन महिने गिळत होते तो विचारला. ‘त्या सकाळी तुम्ही चौकट सोडत नव्हता. ते लाजेमुळे नव्हतं ना? पाणी तिकडे जाणार हे तुम्हाला कळलं होतं? मला सांगत होता?’

बोटं थांबली. पदर सुटला. हात माझ्या हातात अगदी स्वस्थ पडून राहिला. मी वाट बघितली. पुन्हा विचारलं, ‘कळलं होतं का तुम्हाला?’ सैल. तिसऱ्यांदा विचारलं. ह्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं, आणि हात सैलच.

म्हणजे नाही. म्हणजे कुणालाच कळलं नव्हतं, मी एकटीच नव्हते. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा भार जरा हलला.

‘चहा ठेवू?’ मी विचारलं.

तेव्हा त्यांनी हात दाबला, सगळं बळ एकवटून, हाडं दुखतील इतका. मी उठायला लागले तर सोडेनात. चहा ठेवायचा तर हात सोडायला हवा, असं मी दोनदा म्हटलं. मग म्हणणं सोडून दिलं आणि अंधार पडेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले.